खारीचं राहिलेलं इंजेक्शन

१२ मार्च, बुधवार

रविवारपासून लिहायचं टाळतेय. तीनदा वही उघडली. एकदा पेन सापडलं नाही म्हणून बंद केली, एकदा चहा उतू गेला म्हणून, आणि एकदा काहीही झालं नाही तरी बंद केली. लिहिलं की खरं होईल असं वाटत होतं. पण न लिहून झोप कुठे येतेय? तर आता लिहिते. एकेक करून.

पहिलं, रविवारचं. खारीला इंजेक्शनला न्यायचं होतं. रेबीजचं. वर्षातून एकदा असतं ते, फेब्रुवारीतच द्यायला हवं होतं. खारी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या क्षिप्राताईची लॅब्रेडॉर, राहते दोघींकडे, सहा वर्षांची, रंग खारी बिस्किटासारखा. आणि मी तिची — हॉस्पिटलवाले हँडलर म्हणतात. पप्पा म्हणतात ‘कुत्रं फिरवणारी’. आठवड्यातून तीनदा आम्ही दोघी लहान मुलांच्या वॉर्डात जातो. कुणाला सुई टोचायची असते, कुणाचं ड्रेसिंग असतं. खारी पलंगावर चढते, पोराच्या मांडीवर डोकं ठेवते आणि हलत नाही. पोराच्या खांद्यातला ताठपणा उतरतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय. एफवाय नापास, मग कॅफे, कॉल सेंटर, कुत्र्यांचं सलून, मनालीला हॉस्टेलात चादरी बदलणं — सगळं तीन-तीन महिन्यांत सोडलेलं. हे एकच काम आठ महिने टिकलंय.

दवाखाना रविवारी बारापर्यंत. साडेदहाला निघाले. गेटवर वॉचमन म्हणाला, “मॅडम, खाडीवर फ्लेमिंगो उतरलेत, नुसता गुलाबी गालिचा.” झालं! मला काय, निमित्तच लागतं. म्हटलं, दहा मिनिटं. बेलापूरहून दिवाळे गावाच्या जेट्टीकडे वळले, पुढे खारफुटीच्या कडेकडेनं. आणि खरंच होते, हजारभर तरी! सगळ्यांच्या माना एकदम खाली, एकदम वर. फोटो काढायला दोन हात लागतात, म्हणून खारीचा पट्टा सोडला. सोडला!! पट्टा हातातून सोडायचा नाही हा ताईचा पहिला नियम.

कुठून तरी एक कुत्रा आला. गावठी, वाळूच्या रंगाचा, पुढचा डावा पाय पांढरा — मोजा घातल्यासारखा. गळ्यात हिरव्या जाळ्याचा तुकडा. दोन सेकंदांचं भांडण. मी मध्ये हात घातला, तो पळाला. खारीच्या कानामागे दात लागला होता. रक्त चमचाभरही नाही. कान खाली पडला की दिसत पण नाही. घरी आणून नळाखाली धुतलं, हळद लावली. दवाखाना तोवर बंद.

दुसरं. लाल वही. खारीची आंघोळ, नखं, जंताचं औषध, इंजेक्शनं — सगळं ताईच्या लाल वहीत असतं. हॉस्पिटलची बाई ती वही बघते आणि मगच आत सोडते. ताई माझ्यावर विश्वास टाकून वही माझ्याकडे देते. ३ मार्चला मी त्यात लिहून ठेवलंय, ‘रेबीज — दिलं.’ दुसऱ्या दिवशी तपासणी होती, म्हटलं उद्या-परवा देऊच की. निळ्या पेनानं, छान वळणदार अक्षरात!

तिसरं. काल. सईचं ड्रेसिंग. सई आठ वर्षांची, दिवाळे गावातली, कोळ्यांची. शाळेसमोर स्कूटरनं उडवलं, नडगी फुटली, जखम चिघळली. दिवसाआड ड्रेसिंग. आधी चार जणांनी धरायला लागायचं. आता ती खारीचा कान धरते आणि तिला मासे शिकवते. “हा निवटा, हा चिखलात चालतो. ही बोईट. हा खरबा. भिऊ नको गो खारी, झालाच.” सतरा माशांत ड्रेसिंग संपतं. काल चौदाव्याला मी खिडकीबाहेर बघत होते. खाली एक माणूस स्कूटरवर उलटा बसून फुगे सांभाळत होता, शंभर तरी असतील. तेवढ्यात मागे सई खिदळली. “श्रुतीताई, हिनं मना पापी दिली!”

खारीनं चाटलं होतं. जखमेच्या कडेला. पट्टी उघडी असताना.

सिस्टर “अगं बाई” म्हणाली, परत साफ केलं. सई हसत होती. मी पण हसले.


१३ मार्च, गुरुवार

ताईला सांगितलं, खारीला जुलाब होतायत, आज वॉर्डात नको. मग खारीला घेऊन लांबच्या सेक्टरमधल्या दवाखान्यात गेले, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही.

“मैत्रिणीची कुत्री आहे,” मी म्हटलं.

डॉक्टरनं कान उचलून बघितला, मग माझा हात बघितला. “आणि हा ओरखडा पण मैत्रिणीचाच का?”

माझा हात! रविवारपासून माझ्याच हातावर ओरखडा आहे आणि माझ्या लक्षातच नाही.

त्यानं खारीला इंजेक्शन दिलं आणि मला शाळेतल्यासारखं समजावलं. दर वर्षी घेतलेलं आहे म्हणजे बहुतेक काही होणार नाही. पण बहुतेकवर सोडायचा हा रोग नाही, कारण एकदा लक्षणं दिसली की औषध नाही. माणसालाही नाही. “तो चावलेला कुत्रा शोधा. रविवारपासून दहा दिवस मोजा. एकोणीस तारखेला तो जिवंत असेल, खात-पीत असेल, तर चावला तेव्हा त्याला रोग नव्हता. मग तुम्ही सुटलात, कुत्री सुटली, सगळे सुटले.”

“आणि सापडला नाही तर?”

“तर हिला पंचेचाळीस दिवस वेगळं ठेवायचं. आणि हिची लाळ कुणाच्या जखमेवर लागली असेल, तर त्यांच्या डॉक्टरला आज सांगायचं. आज म्हणजे आज. लागलीय का कुणाला?”

मी म्हटलं, “नाही.”

तोंडातून आपोआप आलं! विचार करून पण बोलले नाही. सांगितलं तर सईला सुया. महिनाभर. सुईला घाबरते म्हणूनच तर खारीला तिच्याकडे न्यायला लागलो. आणि खारी बंद. आणि लाल वही उघडणार. म्हणजे सईसाठी गप्प राहिले की माझ्यासाठी? आत्ता या क्षणी खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

स्वतःचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात घेतलं. सुई बघून मान वळवली, तर शेजारी कुणाचाच कान नाही धरायला.

संध्याकाळी जेट्टीवर गेले. होळीची लाकडं रचत होते, सगळ्या होड्या सणाला घरी. वाळूच्या रंगाचे कुत्रे सहा मोजले. पांढरा पाय एकाचाही नाही. एक बाई म्हणाली, “चिकार हायेत, एक ने गो घरी.”

एकोणीसला अजून सहा दिवस.


१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. देवा! सगळे कुत्रे रंगवलेत. हिरवे, जांभळे, अर्धे निळे. पांढरा पाय आता कसा ओळखायचा? चार तास फिरले. मलाही पोरांनी भिजवलं. एक कुत्रा तर नखशिखांत गुलाबी, होडीच्या टोकाला बसला होता — फ्लेमिंगोंचा राजा! हसू आलं. मग हसल्याची भीती वाटली. घरी येऊन कपडे पिळले, हात कोपरापर्यंत गुलाबी झाले.


१५ मार्च, शनिवार

ताईला परत जुलाबच सांगितले. ती म्हणाली, “श्रुती, तिनं सकाळी भाकरी हिसकावून खाल्ली माझ्या हातातली. जुलाबवाली कुत्री अशी?” मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

वॉर्डात एकटी गेले. जायला नको होतं. सईनं आधी माझ्या पायांमागे बघितलं, मग दाराकडे. “खारी पार्किंगमदी हाय?” मी म्हटलं, तिला बरं नाही. सिस्टरनं ट्रे आणला. सईनं माझा हात धरला. निवटा म्हणाली. बोईट म्हणाली. खरबा — आणि मग नुसती किंकाळी. चार जणांनी धरली. एक मी. तिचा घोटा माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता, मासा पाण्याबाहेर काढल्यावर असतो तसा.

बाहेर बाकावर तिचे आजोबा, जानूबाबा. नेहमी दाराकडे पाठ करून बसतात. होडीवर आयुष्य काढलेला माणूस, पण नातीचं ड्रेसिंग बघवत नाही. पहिल्या दिवशी खारीला बघून म्हणाले होते, “दवाखान्यान कुत्रा? उद्या म्हैस आनाल.” मला कधी नावानं हाक मारलेली नाही. आज तेच उठून उभे राहिले.

“ती कुत्री कुटं हाय?”

“बरं नाहीये तिला, बाबा.”

“काय झालाय?”

मी लिफ्टसाठी न थांबता पाच मजले जिन्यानं उतरले.

मंगळवारी सईचं ऑपरेशन आहे. मांडीची कातडी काढून नडगीला लावणार. डॉक्टरबाईंनी तिला कबूल केलंय, झोपेचं औषध चढेपर्यंत खारी शेजारी असेल.


१६ मार्च, रविवार

सकाळी खारीनं पाणी प्यायलं नाही.

बादलीपाशी गेली, वास घेतला, मागे सरली. परत नेली, परत मागे. तिसऱ्यांदा नेली तर गुरगुरल्यासारखं काहीतरी. पाण्याला घाबरतात! सगळ्यांना माहीत आहे की पाण्याला घाबरतात! पायात चपला नाहीत, तशीच जिने चढून ताईच्या दारात. सगळं सांगितलं. उलट्या क्रमानं — आधी पाणी, मग सईची जखम, मग जेट्टी, मग लाल वही.

क्षिप्राताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली आली, खारीपाशी बसली, कान उचलला. मग बादलीत बोट बुडवून नाकाशी नेलं.

“यात काय धुतलंस?”

धुळवडीचे कपडे. बादली नुसती विसळून तशीच भरून ठेवलेली. दुसऱ्या भांड्यात पाणी दिलं तर खारी लपालपा सगळं प्याली.

मी जमिनीवर बसून रडायला लागले, सुटल्यासारखं. ताई म्हणाली, “ऊठ. कुत्री पाणी प्याली म्हणून काही बदललेलं नाही. चप्पल घाल. आपण हॉस्पिटलला चाललोय.”

रिक्षात ती एकच वाक्य बोलली. “फ्लेमिंगो बघितलेस त्याचं मला काही नाही गं. चार दिवस माझ्या डोळ्यात बघून जुलाब सांगत होतीस.”

डॉक्टरबाईंनी मध्ये न बोलता ऐकलं. तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, शक्यता फार फार कमी आहे, पण उघड्या जखमेवर लाळ आहे आणि मूल आहे, मी थांबणार नाही. पहिली सुई आत्ता, सोबत जखमेभोवती दुसरं औषध. पुढची बुधवारी, मग पुढच्या रविवारी, आणि पुढे. चावलेला कुत्रा बुधवारी धडधाकट सापडला तर थांबवता येईल. ऑपरेशन गुरुवारवर. आणि कुत्र्यांचं येणं पुढची सूचना मिळेपर्यंत सगळ्याच वॉर्डांत बंद.

सईला सांगायचं काम त्यांनी मला दिलं. शिक्षा म्हणून नाही, “ती तुझं ऐकते” म्हणून. मी सांगितलं की माझी चूक झाली, खारीची नाही. ती म्हणाली, “पन सुई मना?” मी हो म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

जखमेभोवतीच्या सुया किती होत्या ते मी मोजलं नाही. एकही मासा ऐकू आला नाही.

बाहेर जानूबाबा. मला वाटलं मारतील. मी मनात तयार होते, मारलं तर बरंच. त्यांनी फक्त विचारलं, “कंचा कुत्रा?”

मी सांगितलं. वाळूचा रंग, पांढरा पाय.

“गल्यान काय होता बोललीस डाक्तरनीला?”

“जाळ्याचा तुकडा. हिरवा.”

“गाठ कशी व्हती?”

“गाठ?”

“गाठ गो, गाठ! एकेरी क दुहेरी?”

“बघितली नाही, बाबा.”

“पोरी, तू बगतेस तरी काय?” म्हणाले, आणि टोपी घालून चालू पडले. मागे वळून पण बघितलं नाही.


१७ मार्च, सोमवार

खारी मागच्या खोलीत, मी पण. बाहेर जायचं नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. ताईनं लाल वहीतल्या माझ्या ओळीवर काट मारलीय आणि शेजारी १३ मार्च लिहून सही केलीय. वही आता कपाटात, किल्ली तिच्या पर्समध्ये. बरोबरच आहे.

खारी दर थोड्या वेळानं पट्टा तोंडात धरून दाराशी जाते. आज सोमवार, तिला वार कळतात का? आमचा वॉर्ड मंगळ-गुरू-शनि, म्हणजे कळत नाहीत. मग का जाते? उगाच काहीतरी लिहितेय. मी तिच्या तोंडातून लाळ गळतेय का बघते. ती जांभई देते तरी दचकते. बाहेर कुणी जिना उतरलं तरी दचकते. पोलीस असतील असं वाटतं. खोटी नोंद, लहान मूल — याला काय म्हणत असतील कायद्यात?

पप्पांचा फोन आला. उचलला नाही. ‘सांगत होतो’ ऐकायची ताकद नाही आज.


१८ मार्च, मंगळवार

ताई हॉस्पिटलला जाऊन आली. सई जेवत नाहीये. सिस्टरला सारखं विचारते, “खारी मेली काय? खरा सांगा.” ताईनं तिला खारीचा फोटो दाखवला तर म्हणाली, हा जुना असेल.

उद्या बाराला दुसरी सुई.

आणि एक. जानूबाबा रविवारपासून घरी नाहीत. सईची आई मासळी विकून येते आणि बाकावर एकटीच बसते. फोन बंद लागतोय. ताईला म्हणाली, “कदी असा करत नाय. पोरीला सोरून बाबा कदी जेटीच्या पुडं जात नाय.” सत्तरीचा माणूस. माझ्यामुळे उन्हात कुठे पडला असेल? मी जेट्टीवर शोधायला जाऊ का विचारलं. ताई म्हणाली, “तू आता एकाच जागी बस. एवढंच कर.”

बसलेय. कधी एवढा वेळ एका जागी बसले नव्हते. आज खारीच्या मानेवर हात ठेवून मासे म्हणून बघितले. मला नऊच येतात. उरलेले आठ कुठले? इतक्यांदा ऐकले, एकदाही लक्ष देऊन ऐकले नाहीत.

उद्या एकोणीस. दहावा दिवस. आणि कुत्रा नाही.


१९ मार्च, बुधवार. सकाळचे नऊ चाळीस

खिडकीखाली मासळीचा टेम्पो थांबलाय. ताई वरून ओरडतेय, “श्रुती! श्रुती, खाली बघ!” जानूबाबा उतरलेत. अंगावर रविवारचाच शर्ट. म्हणतायत, “भावकीची बोट हाय. शिमगा झाला न् ती भायेर गेली, ह्या कुत्र्याला घेवनशी. ती गाठ आमचीच. दोन दीस करंज्याला जेटीवं बसलूं, आज आली. काय गो, ह्योच क तो?”

दोरीच्या टोकाला होडीतला तो गुलाबी राजा. रंग विटलाय, खालून वाळूचा रंग दिसतोय, पुढच्या डाव्या पायाचा मोजा मात्र अजून गुलाबीच. गळ्यात तेच हिरवं जाळं. सुक्या बोंबलांचा वास इथवर येतोय.

बाहेर ठेवलेल्या खारीच्या बादलीत तोंड घातलंय. पाणी पितोय. थांबतच नाहीये! बाराला अजून दोन तास वीस मिनिटं आहेत — मी हॉस्पिटलला चालले.